तसे मनाने चांगले आहेत हो

'तसे मनाने चांगले आहेत हो' हे वाक्य आपण कधी बोलतो याकडे थोडं लक्ष दिलं तर एक गंमत दिसते. काहीतरी बिघडल्याशिवाय ते तोंडातून निघतच नाही. मोतीबिंदू नीट काढून देणाऱ्या डॉक्टरला कोणी मनाने चांगला म्हणत नाही, त्याच्या हाताला गुण आहे म्हणतात. रोज पहाटे ठरल्या वेळी येणाऱ्या दूधवाल्याच्या मनाची चौकशी आजवर कोणी केलेली नाही. गणित उत्तम शिकवणारा मास्तर मनाने कसा होता हे त्याच्या विद्यार्थ्यांना जन्मभर कळत नाही आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही. मनाचा दाखला काढावा लागतो तो हाताने किंवा तोंडाने काहीतरी करून ठेवलेल्या माणसाचा. जमत आलेली सोयरीक फिसकटली, दोन भावांत अबोला झाला, पैसे कुठेतरी अडकले, आणि ज्याच्यामुळे हे झालं तो समोरच्या खुर्चीत बसून आपलाच चहा फुंकून पीत असला, की मग हा दाखला निघतो. त्यातला 'तसे' म्हणजे आत्ता जे झालं ते सोडून बोलायचं तर. आणि शेवटचा 'हो' म्हणजे हे पटवून घ्यायला मलाही जड जातंय, तुम्ही जरा हातभार लावा. इंग्रजीत याच कामासाठी 'वेल-मीनिंग' असं विशेषण आहे, आणि तेही ज्याला लावायचं त्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने वापरतात. हा दाखला देतो कोण, तर ज्याचं नुकसान झालं तो. म्हणजे नुकसानही त्याचं, माफीही त्याचीच, आणि दाखला लिहायची शाईसुद्धा त्याच्याच घरची. माझं म्हणणं एवढंच आहे की चांगल्या मनाला आपण जी माफी देतो ती फार न तपासता देतो. आणि ती तपासायची रीत शिकायला दूर कुठे जावं लागत नाही. असला माणूस जिथे भरघोस पिकतो तिथेच ती रीतही नांदत असते.

तसा तो महाराष्ट्रभर मिळतो, पण त्याचं खरं पीक वसाहतीत. भुसावळला रेल्वेची वसाहत आहे, वरणगावला आयुध निर्माणीची आहे, त्या दोन्हींचा मान राखूनही म्हणावं लागतं की दीपनगरची सर त्यांना नाही. भुसावळहून महामार्गाने नागपूरच्या अंगाला निघालं की फेकरीजवळ उंच चिमण्या दिसायला लागतात, ते हे वीज केंद्र. साठच्या दशकाच्या शेवटी इथे पहिला संच उभा राहिला, मग २१० मेगावॅटचे दोन आले, नंतर ५०० चे दोन, आणि आता ६६० चा. कोळसा रेल्वेने येतो, पाणी तापीचं, हतनूर धरणातलं. २००५ साली वीज मंडळाचे तुकडे होऊन वीजनिर्मितीची वेगळी कंपनी झाली, तरी जुनी माणसं अजून 'बोर्डात आहे' असंच सांगतात आणि मुलीकडच्यांनाही तेच ऐकायला बरं वाटतं. अशा वसाहतीत ज्याच्याशेजारी पाळीवर आठ तास उभं राहायचं त्याच्याच भिंतीला भिंत लावून झोपायचं असतं. पगार किती ते पदावरून कळतं, बढती कुठे अडली ते नोटीस बोर्डावरून कळतं आणि कोणाकडे पाहुणे आले ते शेवभाजीच्या वासावरून. गुपित ठेवायला जागा म्हणून नाही. त्यात बरीच कुटुंबं बदलीवर आलेली, कोणी कोराडीहून, कोणी चंद्रपूरहून, कोणी परळीहून, कोणी पारसहून. काका, मामा, मोठा भाऊ सगळे लांब राहिलेले. ही रिकामी जागा भरून काढायला दर गल्लीत एक जण न बोलावता हजर असतो. त्यांना सगळे भाऊ म्हणतात, तेव्हा आपणही भाऊच म्हणू.

भाऊ पन्नाशी ओलांडलेले. कर्ज फिटलेलं, मुलं मार्गाला लागलेली, रक्तदाब आटोक्यात. स्वतःच्या काळज्या संपल्या आणि काळजी करायची सवय तेवढी उरली, अशी त्यांची अवस्था आहे. ते कधी रिकाम्या हाताने येत नाहीत. सावद्याकडची केळी आणतील, हिवाळ्यात बामणोदची भरताची वांगी आणतील, तुरीच्या ओल्या शेंगा आणतील. यात त्यांचा काही डाव नसतो, पण वांगी आधी येतात आणि सल्ला मागून येतो, आणि वांगी ठेवून घेऊन सल्ला परत करण्याची रीत खान्देशात नाही. बसल्यावर पहिलं वाक्य, 'मला काय त्याचं, पण...' दुसरं, 'तुम्ही घरचे म्हणून सांगतो.' तिसरं सुरू होईपर्यंत वहिनींनी दुसऱ्यांदा चहाचं आधण ठेवलेलं असतं. मुलाला दहावीला बरे गुण पडले की भाऊ म्हणणार, डिप्लोमा करू द्या, अप्रेंटिसला लागेल, बोर्डात चिकटून जाईल. मुलगा डिप्लोमा करतो, भरती निघत नाही, आणि त्याच खुर्चीत बसून भाऊ हळहळतात, 'काय भो, मी तर तेव्हाच म्हणत होतो, इंजिनिअरिंगला टाका.' शेजाऱ्याची साखर वाढल्याची बातमी तपासणीच्या कागदाबरोबरच त्यांच्याकडे पोचते. मग कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, आणि 'त्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत' हे वाक्य. साखरेच्या माणसाने तीन आठवडे गोळ्या सोडून रस प्यायला की त्याचं काय होतं हे भुसावळच्या डॉक्टरांना विचारावं. भाऊंना विचारण्यात अर्थ नाही, कारण ते तेव्हा दवाखान्यात त्याच्याच उशाशी बसलेले असतात, जागरण करून, स्वतःच्या घरचा डबा घेऊन.

त्यांची खरी हातोटी मात्र लग्नाच्या चौकशीत दिसते. मुलीकडचे विचारायला येतात तेव्हा इतर शेजारी 'चांगलं आहे घर' म्हणून मोकळे होतात. भाऊंना ते अप्रामाणिक वाटतं. ते म्हणतात, 'मुलगा सोन्यासारखा आहे. मागे थोडं काहीतरी झालं होतं, पण आता त्याचं काही नाही.' काय झालं होतं हे भाऊंनाही माहीत नसतं. कुठेतरी ऐकलेलं असतं, कदाचित दुसऱ्याच घराबद्दल. पण एका मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे, लपवाछपवी नको, असा त्यामागचा विचार अगदी निर्मळ असतो. पाहुणे लाडू न खाता उठतात. मुलाची आई महिनाभर भाऊंच्या घराकडे पाहत नाही, आणि मग हळदीकुंकवाला कोणी विषय काढला की स्वतःच म्हणते, जाऊ द्या, तसे मनाने चांगले आहेत हो. या जमातीत बायकाही आहेत आणि त्यांचं कर्तृत्व कमी नाही. नव्याने राहायला आलेल्या सुनेला 'अजून काही नाही का गं' हे चारचौघींत विचारणाऱ्या काकूंच्या मनात त्या सुनेच्या संसाराचं भलंच असतं. फक्त त्या भल्याचा आवाज शेवटच्या ओळीतल्या सतरंजीपर्यंत पोचतो.

आता हेच भाऊ पाळीवर पाहावेत. पंपाची गळती थांबवायची आहे, काम दोन मिनिटांचं आहे, दोन आटे फिरवले की झालं. पण भाऊ हात लावत नाहीत. दुरुस्तीवाल्यांनी आधी परमिट मागायचं. मग पंप बंद करायचा, ब्रेकर बाहेर ओढून ठेवायचा, येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याच्या दोन्ही झडपा आवळायच्या, त्यांवर 'काम चालू आहे, हात लावू नये' ही पाटी अडकवायची, वहीत वेळ टाकायची, सही घ्यायची. काम संपलं की ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं, आणि ते परत आल्याशिवाय पंप चालू करायचा नाही, मग वरून कितीही मोठ्या साहेबाचा फोन येवो. कारण आत कोणीतरी हात घालून बसलेला असू शकतो. भाऊंनी उभी नोकरी याच शिस्तीत काढली. संच विजेच्या जाळ्याला जोडताना व्होल्टेज, फ्रीक्वेन्सी आणि फेज जुळल्याशिवाय ब्रेकर घ्यायचा नाही, हे ते नव्या पोरांना पोटतिडकीने शिकवतात. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या टर्बाइनला कोणाच्याही हेतूची पर्वा नसते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. संच ट्रिप झाला तर चौकशीत काय विचारतात? काय केलं, किती वाजता केलं, कोणाला विचारून केलं. 'ऑपरेटर तसा मनाने चांगला आहे' असा निष्कर्ष चौकशीच्या कागदावर आलेला कोणी पाहिला नसेल. आणि एवढं सगळं तोंडपाठ असलेला हा माणूस पाळी सुटून गेटाबाहेर आला, हेल्मेट सायकलच्या हँडलला अडकवलं, की शेजाऱ्याच्या घरातली एकेक झडप विनापरमिट फिरवत सुटतो.

म्हणजे भाऊंना जपून वागता येत नाही असं मुळीच नाही. येतं, आणि उत्तम येतं. फरक पडतो तो चुकीची किंमत कोण मोजतं यात. केंद्रात झडप चुकीची फिरली तर मेमो भाऊंना मिळतो, पगारवाढ भाऊंची थांबते, हात भाजला तर तोही भाऊंचाच. वसाहतीत सल्ला चुकला तर फी शेजाऱ्याची बुडते, गोळ्या शेजाऱ्याच्या वाढतात आणि स्थळ शेजाऱ्याच्या मुलाचं जातं. भाऊंच्या खात्यावर दोन्हीकडे जमाच पडते. सल्ला फळला तर 'मी म्हटलं होतं', आणि फसला तर 'मी आपलं भल्यासाठी सांगितलं'. इतका निर्धोक धंदा अख्ख्या जळगावच्या सराफ बाजारात कोणाला साधलेला नाही. मन तेच, माणूस तोच. एका ठिकाणी तो काटेकोर आणि दुसऱ्या ठिकाणी बेफाम. यावरून निदान एवढं म्हणायला हरकत नाही की मनाच्या चांगलेपणाचा काटेकोरपणाशी आपोआप संबंध नसतो. तो वेगळा कमवावा लागतो, आणि चूक फुकटात पडत असेल तर कोणी कमवत नाही.

कोणी म्हणेल, एवढं काय हो, त्यात नुकसान ते किती? चार माणसं दुखावली, एखादं लग्न मोडलं, चालायचंच. हा आक्षेप मला हलका वाटत नाही, आणि त्याचं उत्तरही हलकं नाही. याच खान्देशात, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा नावाचं गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप त्या दिवसांत एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागायला आलेली पाच माणसं जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकली. मारणाऱ्यांचं मन चांगलं होतं असं म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही, आणि मीही म्हणत नाही. मी बोलतो आहे ते त्याआधीच्या साखळीबद्दल. तो निरोप ज्यांनी पुढे पाठवला त्यांतल्या बहुतेकांच्या मनात काय असेल? आपल्या बहिणीच्या, वहिनीच्या, शेजारणीच्या लेकरांची काळजी. 'खरं असो नसो, सावध राहिलेलं बरं.' हे वाक्य पूर्णपणे भाऊंचं आहे. ज्याने तो निरोप पाठवला त्याने कोणावर हात उगारला नाही, त्याला कोणी जाब विचारला नाही, आणि त्याला स्वतःलाही झोपताना आपण काही वाईट केलं असं वाटलं नसणार. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. यंत्रालासुद्धा शेवटी तेच करावं लागलं जे दीपनगरच्या पंपावर रोज करतात. प्रत्येकाच्या मनाला हात घालता येत नव्हता, म्हणून झडप आवळली.

दुसरा आक्षेप जास्त सभ्य आहे आणि म्हणून जास्त अवघड. परिणाम कोणाच्या हातात असतो? डॉक्टरचाही अंदाज चुकतो, बापाचाही चुकतो. परिणामावरून माणसाला दोषी धरलं तर उद्या कोणी तोंडच उघडणार नाही. हे मान्य केलं पाहिजे, आणि परिणामावरून भाऊंना कोणी दोषी धरतही नाही. विचारायचं आहे ते एवढंच, की बोलण्याआधी तुम्ही चार पावलं चाललात का? यात मी नवं काही सांगत नाही. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेने ५२ व्या कलमात हे स्पष्ट करून ठेवलं आहे: जी गोष्ट योग्य ती काळजी आणि अवधान न ठेवता केली किंवा खरी मानली, ती सद्भावपूर्वक केली असं म्हणता येणार नाही. तिच्या जागी २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही व्याख्या हीच आहे. म्हणजे फौजदारी कायद्याच्या लेखी निष्काळजी सद्भाव नावाची चीजच नाही. जाणकार वाचक इथे मला अडवतील. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात नेमकं उलटं आहे. तिथे कृती प्रामाणिकपणे केली असली की पुरे, निष्काळजीपणा झाला की नाही हे पाहायचंच नाही. बरोबर आहे. देशात सद्भावाच्या दोन व्याख्या नांदतात आणि भाऊंनी स्वतःसाठी त्यांतली दुसरी निवडली आहे. पण जिथे माणसाच्या जिवाचा आणि शरीराचा प्रश्न होता तिथे कायदा करणाऱ्यांनी पहिलीच ठेवली, यावरून त्यांचा कल दिसतो.

त्या जुन्या दंड संहितेचं ९२ वं कलम तर भाऊंनी चौकट करून भिंतीला लावावं असं आहे. दुसऱ्याच्या भल्यासाठी, त्याच्या संमतीशिवाय, सद्भावाने केलेल्या कृत्याला त्यात माफी आहे. उदाहरणही दिलं आहे: एकाला वाघाने उचललं, दुसऱ्याने त्याला वाचवायला वाघावर गोळी झाडली, ती त्या माणसालाच लागली, गुन्हा नाही. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेड्याकडच्या जंगलात वाघ आहेत, तेव्हा आपल्या जिल्ह्यात हे उदाहरण अगदीच पुस्तकी म्हणता येणार नाही. पण अट वाचली पाहिजे. त्या माणसाची संमती घेणं अशक्य असेल, आणि त्याच्या वतीने संमती देणारं कोणी वेळेत मिळण्यासारखं नसेल, तरच ही माफी. वाघाच्या जबड्यातल्या माणसाला 'गोळी झाडू का' असं विचारता येत नाही, हे खरंच. भाऊ ज्याच्यावर गोळी झाडतात तो मात्र समोर लुंगी नेसून बसलेला असतो, शुद्धीवर असतो, खारे दाणे खात असतो, आणि विचारलं तर सरळ 'नको' म्हणू शकतो. वाघही नसतो. बऱ्याचदा मांजरही नसतं. पुढच्याच कलमात एक शल्यविशारद आहे. तो रोग्याला तुम्ही वाचणार नाही असं सद्भावाने सांगतो, रोगी त्या धक्क्यानेच जातो, आणि तरी गुन्हा होत नाही. भाऊंच्या बऱ्याच भेटी या कलमाच्या आडोशाने होतात. फक्त कलमातला माणूस निदान शल्यविशारद आहे, आणि त्याचं ते मत त्याच्या पेशातलं आहे.

तिसरा आक्षेप महामार्गावरून येतो. दीपनगरच्या शेजारून सुरत-नागपूर रस्ता जातो, आणि त्यावर अपघात झाला तर कोणी हात लावायला धजत नाही अशी आपली वर्षानुवर्षांची रड आहे. सद्भावाची एवढी उलटतपासणी केली तर उद्या जखमीला उचलणार कोण? कायद्याने याचं उत्तर फार छान दिलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं, आणि अपघाताच्या जागी मदत करणाऱ्याला त्यात पुरतं संरक्षण मिळालं, त्याच्या हातून चूक किंवा हयगय झाली तरीसुद्धा. उदार कायदा आहे. पण मदत तातडीची हवी, आपणहून केलेली हवी, आणि तिच्या मोबदल्याची किंवा बक्षिसाची अपेक्षा नको. भाऊ या तीन अटींपैकी मधल्या एकीत उत्तम गुणांनी पास होतात. तातडी नसते, मुलाची अकरावीची शाखा काही रक्तस्राव होत पडलेली नसते. आणि बक्षिसाची अपेक्षा असते. पैशाची नाही, तो आरोप भाऊंवर कोणी करणार नाही. पण 'भाऊंनी सांगितलं म्हणून बरं झालं' हे वाक्य चार माणसांत ऐकायची जी भूक असते ती पगारापेक्षा कमी बोचत नाही. ते वाक्य मिळालं नाही तर भाऊ महिनाभर तुमच्याकडे पाय ठेवत नाहीत. सगळ्या कॉलनीत या शिक्षेचीच वाट पाहणारे लोक आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

भाऊ गीतेचाही आधार घेतात. फळाची आशा धरू नये, आपण सांगायचं काम करावं. या वाचनात कर्म भाऊंचं आणि फळ शेजाऱ्याचं, असा एक नवाच योग तयार होतो. गीतेवर मराठीत जे सर्वात साधं आणि खोल बोललं गेलं त्यातलं बरंचसं याच मुलखात, धुळ्याच्या तुरुंगात बोललं गेलं. १९३२ साली विनोबा दर रविवारी एक अध्याय सांगत, असे अठरा रविवार, आणि साने गुरुजी तो उतरून घेत. हे दृश्य भाऊंच्या संदर्भात मला फार बोलकं वाटतं. गुरुजींच्या मनाच्या चांगलेपणाबद्दल महाराष्ट्रात दुमत नाही, आणि तरी त्यांच्याबद्दल 'तसे मनाने चांगले होते हो' असं कोणी त्या सुरात म्हणत नाही. याचं कारण त्यांच्या मनात शोधण्यापेक्षा त्यांच्या हातांत शोधावं. अमळनेरला प्रताप हायस्कुलाच्या वसतिगृहात ते मुलांच्या खोल्या झाडून ठेवत, मळके कपडे धुऊन टाकत, असं त्यांचे विद्यार्थी सांगत आले. मुलाला स्वच्छतेवर प्रवचन ऐकवण्यापेक्षा झाडू घेणं त्यांना सोपं वाटत असावं. आणि तुरुंगात दुसरा बोलत असताना ते लिहीत बसले. भाऊ तिथे असते तर दुसऱ्याच रविवारी 'विनोबा, घरचे म्हणून सांगतो' असं सुरू झालं असतं आणि आपल्याला सहा-सात अध्यायांवर समाधान मानावं लागलं असतं.

एक आक्षेप उरतो आणि त्याच्यापुढे मी अर्धा हरतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये शेजारी मेला तरी वासावरून कळतं. भाऊ निदान विचारतात तरी. खरं आहे. रात्री दोन वाजता बदलीवर आलेल्या एखाद्या घरातल्या बाईला कळा सुरू झाल्या, नवरा तिसऱ्या पाळीवर असला, तर दार वाजवायचं कोणाचं, हे सगळ्या गल्लीला माहीत असतं. भाऊ बनियनवर शर्ट चढवत बाहेर येतात, गाडी काढतात, भुसावळ गाठतात, आणि सकाळी नवरा येईपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसतात. त्या रात्री ते कोणालाही सल्ला देत नाहीत, कारण वेळ नसतो. त्यांच्या चांगल्या मनावर मला शंका घ्यायची असती तर हा प्रसंग मी लिहिलाच नसता. पण बघा, त्या रात्रीबद्दल बोलताना ती बाई 'तसे मनाने चांगले' असं म्हणत नाही. ती म्हणते, 'भाऊ होते म्हणून.' तिथे मनाचा विषयच निघत नाही, दूधवाल्याच्या आणि मोतीबिंदूवाल्या डॉक्टरच्या रांगेत भाऊ आपोआप जाऊन बसलेले असतात. फ्लॅटमधलं ते थंड शहर आणि कारल्याचा रस, यांतलं एकच निवडायचं असतं हे मला मान्य नाही. विचारपूस आणि लुडबुड एकाच दारातून येतात, पण येताना त्यांच्या हातात सारखं सामान नसतं.

कॉलनीतल्या शहाण्या वहिनींनी हे फार पूर्वी ओळखलं आहे. भाऊ येऊन बसले, 'मला काय त्याचं' सुरू झालं, की त्या तिसरं वाक्य येऊ देत नाहीत. काम सांगतात. गणपतीत वर्गणीच्या पावत्या, भरीत पार्टीला कपाशीच्या काड्या, उन्हाळ्यात गावाला जायचं तिकीट. एप्रिल-मे महिन्यांत तर कामांना तोटा नसतो, कारण पारा ४५ च्या आसपास गेला आणि कूलरचा पंप बसला की घरातली माणसंही बसतात. 'भाऊ, तेवढा पंप भुसावळला दाखवून आणता का?' म्हटलं की भाऊ तिथल्या तिथे उठतात. कामाला लागलेल्या भाऊंसारखा माणूस नाही. पंप कोणाकडे न्यायचा हे ते चार ठिकाणी विचारून ठरवतात, समोर उभं राहून वायंडिंग करून घेतात, जुनं बेअरिंग पुराव्याला परत आणतात, पावती आणि उरलेले पैसे मोजून देतात, पंप स्वतः बसवतात आणि पाणी सोडण्याआधी वायर दोनदा तपासतात. इतकी काळजी ते साखरेच्या गोळ्यांबद्दल कधीच घेत नाहीत. कूलर सुरू होतो, वाळ्याचा वास सुटतो, वहिनी सरबत आणतात. आणि मग भाऊ सांगतात की वायंडिंगवाल्याच्या साडूचा एक पुतण्या आहे, पुण्याला आयटीत, आपल्या मुलीसाठी अगदी योग्य. त्या लोकांना शब्द देऊनच आलो आहे, रविवारी अकराला येताहेत.